कुटुंबाचे आरोग्य : एका गिनीची डबी



आपल्या घरातील औषधांची फळी एकदा नीट निरखून पाहावी. पुष्कळ घरांत तीवर एनोची बाटली सापडेल. घरात तान्हे मूल असेल तर तिच्या शेजारी ग्राइप वॉटरचीही. ही दोन नावे आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहेत की ती आली कोठून, हा प्रश्नही कोणास पडत नाही. ती आली इंग्लंडातून, आणि तीही व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतून, म्हणजे १८३७ ते १९०१ या कालखंडातून. त्या काळी पोटाच्या विकारांवरील तयार औषधांचा त्या देशात मोठा बाजार भरला होता. त्यातील बहुतेक औषधे आज नामशेष झाली आहेत. ती कशी खपली, त्यांत काय होते आणि त्यांनी गोरगरिबांच्या घरांत काय केले, हे समजून घेणे आपल्याही हिताचे आहे; कारण पोट सर्वांस आहे, आणि ते दुखू लागले की शहाण्या माणसाचाही विवेक डळमळतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ती माणसे मूर्ख नव्हती. खेडे सोडून गिरणीच्या शहरात आलेल्या मजुराचे अन्न म्हणजे पाव आणि चहा. पाव पांढरा दिसावा म्हणून त्यात तुरटी मिसळण्याचा प्रघात होता. हिरवी भाजी दुर्मीळ. श्रीमंतांचे दुखणे याच्या उलट : अतिभोजन आणि बैठे जीवन. परिणामी अपचन, पोटफुगी, मलावरोध आणि पित्त या तक्रारी झोपडीपासून हवेलीपर्यंत सर्वत्र ऐकू येत. चार्ल्स डार्विनसारख्या शास्त्रज्ञास पोटाच्या विकाराने आयुष्यभर छळले. १८४९ साली तो माल्व्हर्न या गावी थंड पाण्याचे उपचार घेण्यास जाऊन राहिला होता. डॉक्टराची फी गरिबास परवडत नसे. आणि परवडली तरी डॉक्टर देई काय? बहुधा पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल, नाही तर पाऱ्याचीच 'ब्लू पिल'. अशा वेळी कोणी म्हणाला, "माझ्या गोळीत पारा नाही, केवळ वनस्पती आहेत," तर लोकांनी त्याच्याकडे धाव घेतली, यात नवल ते काय!

असे म्हणणाऱ्यांपैकी एक म्हणजे जेम्स मॉरिसन. राणी गादीवर येण्यापूर्वीच, १८२५ साली, त्याने आपल्या वानस्पतिक गोळ्या विकण्यास प्रारंभ केला. त्याचा सिद्धांत सोपा होता : सर्व रोगांचे मूळ एक, ते म्हणजे रक्तातील दूषित द्रव्य, आणि उपायही एकच, तो म्हणजे रेच. गोळ्या दोन प्रकारच्या, क्रमांक एक आणि क्रमांक दोन. आराम पडला तर तो गोळीचा गुण. न पडला तर गोळ्या कमी पडल्या, आणखी घ्या! अशा सिद्धांतास हरवणार कोण? त्या गोळ्यांत कोरफडीचा काळा बोळ, कडू इंद्रावण आणि गॅम्बोज नावाचा जहाल रेचक डिंक अशी द्रव्ये होती. १८३६ साली मॉरिसनच्या गोळ्या विकणारा रॉबर्ट सॅमन याच्यावर लंडनच्या न्यायालयात मनुष्यवधाचा खटला झाला. त्याच्या सल्ल्याने कॅप्टन मॅकेंझी नावाच्या गृहस्थाने मोठ्या प्रमाणात गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यातच त्याचा अंत झाला होता. पंचांनी सॅमनला दोषी ठरवले; शिक्षा झाली २०० पौंड दंडाची. धंदा मात्र थांबला नाही. स्वतः पोटाच्या विकाराने गांजलेला लेखक टॉमस कार्लाइल याने १८४३ च्या आपल्या 'पास्ट अँड प्रेझेंट' या ग्रंथातील एका प्रकरणास या गोळीचेच नाव दिले. समाजाच्या सर्व दुखण्यांवर एकच रामबाण गोळी शोधणाऱ्यांस त्याने त्यात चांगलेच खडसावले आहे.

दुसरा गृहस्थ टॉमस हॉलोवे. याचा जन्म १८०० सालचा. प्रारंभी त्याने जाहिरातींवर इतके पैसे उधळले की कर्जापायी त्यास तुरुंगाची वारी घडली. परंतु बाहेर आल्यावर त्याने जाहिरात सोडली नाही, उलट वाढवली. १८४२ साली तो जाहिरातींवर वर्षाकाठी ५,००० पौंड खर्च करी. १८८३ साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांवर गेला होता. मलम आणि गोळ्या, एवढेच त्याचे भांडवल. यकृत, जठर, आतडी यांचे म्हणून जे जे विकार सांगता येतील ते ते सर्व त्याच्या जाहिरातीत असत. त्याच्या गोळ्या समुद्र ओलांडून हिंदुस्थानातही आल्या आणि येथील वृत्तपत्रांतून त्यांच्या जाहिराती झळकल्या. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या धनातून त्याने मनोरुग्णांसाठी एक रुग्णालय आणि स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी एक भव्य महाविद्यालय उभारविले. १८८६ साली राणीने स्वतः त्या महाविद्यालयाचे उद्घाटन केले. ते लंडन विद्यापीठाचा भाग म्हणून आजही चालू आहे. दान मोठे होते, यात संशय नाही. पण ते पैसे पै-पै करून कोणाच्या खिशातून आले, हे विसरता येत नाही.

आणि तिसरा, ज्याची डबी या लेखास नाव देऊन गेली, तो टॉमस बीचम. १८२० साली जन्मलेला हा ऑक्सफर्डशायरचा मेंढपाळ पोरगा मेंढरांमागे हिंडताना औषधी वनस्पती ओळखू लागला. पुढे तो लँकेशायरमधील विगन येथे गोळ्या विकू लागला, आणि १८५९ पासून सेंट हेलन्स येथे त्याचा जम बसला. 'एका गिनीच्या मोलाची डबी' हे त्याचे ब्रीदवाक्य इंग्लंडात मुलांनाही पाठ होते. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबी मिळे १ शिलिंग दीड पेनीस. म्हणजे घेणाऱ्यास वाटे, आपणच दुकानदारास फसवले!

आता या औषधांस 'पेटंट औषधे' का म्हणत, ते पाहा. पेटंट म्हणजे शोधकास सरकारने काही वर्षांपुरता दिलेला एकाधिकार. आणि तो हवा असेल तर आपली कृती उघड करून लिहून द्यावी लागते. नेमके हेच यांपैकी बहुतेकांना नको होते! त्यांनी नाव आणि वेष्टन आपल्या मालकीचे करून घेतले आणि कृती तिजोरीत ठेवली. नाव पेटंटचे, व्यवहार गुपिताचा. त्यात आणखी एक योगायोग घडला. अशा औषधांवर सरकार कर घेई, आणि कर भरल्याची खूण म्हणून प्रत्येक डबीवर सरकारी मुद्रांक चिकटवावा लागे. एक शिलिंगाच्या डबीवर कर दीड पेनी. भोळे गिऱ्हाईक तो मुद्रांक पाहून म्हणे, "हे सरकारमान्य औषध!" सरकारने घेतला होता तो केवळ कर, औषध तपासले कोणीच नव्हते. हा गैरसमज इतका पसरला की अखेर मुद्रांकावरच 'सरकारची हमी नाही' अशा अर्थाचे शब्द छापावे लागले.

गुपित फुटले ते १९०९ साली. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने अनेक प्रसिद्ध औषधांचे रासायनिक पृथक्करण करविले आणि 'सीक्रेट रेमेडीज' म्हणजे 'गुप्त औषधे' या नावाचे पुस्तक छापले. बीचमच्या गोळीत सापडले काय? कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. बस्स! ५६ गोळ्यांच्या डबीतील द्रव्यांची किंमत निघाली सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. हिशेब करून पाहा : डबीची किंमत द्रव्याच्या १०८ पट, आणि सरकारचा करसुद्धा द्रव्याच्या १२ पट. काळा बोळ आणि सुंठ ही तर आपल्या आजीच्या बटव्यातील जोडी! गिनीच्या डबीतील रहस्य आपल्या गावच्या काष्ठौषधीच्या दुकानात केव्हाही पुडीत बांधून मिळाले असते.

कोणी विचारील, "औषध साधे असेना का, गुण तर येत होता ना?" याचे उत्तर नीट समजून घ्यावे, कारण यातच सारे मर्म आहे. बोळ हे रेचक खरेच; त्याने पोट साफ होते, आणि परिणाम दिसतो म्हणून विश्वास बसतो. शिवाय बहुतेक किरकोळ पोटदुख्या दोन दिवसांत आपोआप थांबतात, आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या गोळीस मिळते. पुढचा भाग असा की जहाल रेचकाने सारे आतडे रिते झाले म्हणजे ते पुन्हा भरण्यास दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचास होत नाही, कारण होण्यासारखे आत काही उरलेलेच नसते. रोग्यास मात्र वाटते, "मलावरोध पुन्हा झाला!" तो पुन्हा गोळी घेतो, पुन्हा रिते, पुन्हा चिंता, पुन्हा गोळी. अशा रीतीने एका डबीचे गिऱ्हाईक जन्माचे गिऱ्हाईक होई. विकणाऱ्यास याहून सोईचे ते काय!

एवढ्यावरच भागले असते तर खिशाची हानी म्हणून सोडून देता आले असते. परंतु पोट दुखण्याचे प्रत्येक कारण निरुपद्रवी नसते. आंत्रपुच्छास, म्हणजे ज्यास आपण बोलताना अपेंडिक्स म्हणतो त्यास, सूज आली असता रेचक घेणे अत्यंत धोक्याचे. रेचकाने आतडी जोराने आकुंचन पावतात, सुजलेले आंत्रपुच्छ फुटू शकते, आणि पू पोटभर पसरतो. या रोगाची ओळख वैद्यकास पटली तीच मुळी १८८६ साली, बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ या डॉक्टराच्या निबंधाने. त्यापूर्वी 'आतड्यांचा दाह' म्हणून रोग्यास रेचक पाजण्याची चाल डॉक्टरांतही होती, मग घरोघरच्या डबीची काय कथा! १९०२ च्या जून महिन्यात राज्याभिषेकास दोन दिवस उरले असता सातव्या एडवर्ड राजास हाच विकार जडला. समारंभ पुढे ढकलून फ्रेडरिक ट्रीव्हज या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली आणि राजा वाचला. त्याच ट्रीव्हज यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी याच विकाराने दगावली होती. एवढ्या निष्णात पित्याच्या घरीही हे घडले, यावरून हा रोग किती फसवा आहे हे समजावे.

रेचकाच्या उलट टोकास दुसरा वर्ग होता, अफूच्या औषधांचा. त्यातील प्रख्यात नाव 'क्लोरोडाइन'. हिंदुस्थानातील इंग्रजी सैन्यात डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राऊन याने १८४८ च्या सुमारास पटकीसाठी ते योजले. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क होता. १८५६ पासून ते बाजारात आले आणि जुलाब, मुरडा, खोकला, निद्रानाश, सर्वांवर खपू लागले. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, वेदना थांबते, आणि रोग्यास बरे वाटते. पण पटकीत माणूस मरतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आणि ते काही क्लोरोडाइनने परत येत नव्हते. उलट अनेकांना त्याचे व्यसन जडले आणि अतिमात्रेने काहींनी प्राण गमावले. १८६८ साली इंग्लंडात विषारी द्रव्यांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला, पण त्यातून पेटंट औषधे वगळण्यात आली! उघडी अफू विकणाऱ्यावर बंधन. सुंदर बाटलीत भरून विकणारा मोकळा.

याहून दुःखाची गोष्ट तान्ह्या मुलांची. गिरणीत कामास जाणाऱ्या माता मुलाच्या पोटातील मुरडा थांबावा आणि ते दिवसभर निजावे म्हणून 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे गोड पेय त्यास पाजीत. गोडी काकवीची, गुंगी अफूची. गुंगीत पडलेले मूल भूक लागली तरी रडत नाही. आणि न रडणारे मूल दूध मागत नाही. ते शांतपणे वाळत जाई. इंग्लंडच्या त्या मातांस आपण नावे ठेवू नयेत. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुंबईतही गिरणीत कामास जाणाऱ्या आया मुलांस अफूची 'बाळगोळी' देऊन जात असत. आईच्या मायेत उणीव नव्हती. उणीव होती ती मूल सांभाळण्याच्या सोईची आणि खऱ्या माहितीची.

एनो आणि ग्राइप वॉटर यांची गणना मात्र या पंक्तीत सरसकट करणे न्यायाचे होणार नाही. जेम्स क्रॉसली एनो हा न्यूकॅसल बंदरातील औषधविक्रेता. त्याचे 'फ्रूट सॉल्ट' म्हणजे मूलतः खाण्याचा सोडा, चिंचेत असते ते टार्टरिक आम्ल आणि लिंबात असते ते सायट्रिक आम्ल. पाण्यात पडताच सोडा आणि आम्ल यांचा संयोग होऊन फेस येतो. पोटातील जळजळ घटकाभर निवते. एवढा गुण खरा. परंतु ताप आणि साथीचे रोग दूर ठेवण्याच्या ज्या बढाया त्या काळच्या जाहिरातींत असत, त्या व्यर्थ होत्या. ग्राइप वॉटर १८५१ साली नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड याने काढले. त्यात सोडा आणि शेपूच्या बियांचे तेल होते, म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या विड्यातील बाळंतशेपच. पण जुन्या कृतीत साखर आणि मद्यार्कही होता, आणि मूल शांत होण्यात त्या मद्यार्काचाही वाटा असावा. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तो काढून टाकण्यात आला.

१९०९ च्या पुस्तकाने लगेच सर्व काही सुधारले, असे मात्र झाले नाही. वृत्तपत्रांचे पोट या जाहिरातींवर चालत असल्यामुळे कित्येकांनी त्या पुस्तकाची जाहिरातसुद्धा छापण्याचे नाकारले. पुढे पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी पुढे आला, आणि त्याच दिवशी इंग्लंड महायुद्धात उतरले. अहवाल कोण वाचतो! अखेर १९४१ साली असा कायदा झाला की औषधात जे काही आहे ते वेष्टनावर लिहिलेच पाहिजे. औषधावरील मुद्रांकही त्याच साली संपला. बीचमच्या गोळ्या १९९८ पर्यंत निघत राहिल्या, परंतु गिनीचा दिमाख केव्हाच उतरला होता. आपल्या देशातही १९५४ साली आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. ज्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांची यादी त्यास जोडलेली आहे. आणि तिच्यातील पहिलेच नाव आंत्रपुच्छाच्या दाहाचे आहे. हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या सर्व कथेस एक फार सुंदर जोड आपल्याच देशाने दिली आहे. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बोनगाव येथील छावणीत पटकीची साथ भडकली. शिरेतून देण्याच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेथील डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली, आणि रोग्यांच्या आयाबहिणींकडूनच ते पाणी पेल्यापेल्याने पाजविले. शेकडा सुमारे ३० जण मरत होते, तेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ हून खाली आले. ज्या रोगासाठी याच भूमीवर क्लोरोडाइनची योजना झाली, त्याच रोगावरील हा उपाय! यात ना गुपित, ना गिनीची डबी. उलट त्याची कृती शक्य तितक्या लोकांस सांगावी, हाच त्या कार्याचा आत्मा होता. आज ओआरएसच्या नावाने त्याची पुडी सर्वत्र मिळते आणि आत काय आहे ते तिच्यावर छापलेले असते.

त्याच धर्तीची घरगुती कृती येथे देतो. कापून फळीवर चिकटवावी. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ याहून अधिक घालू नये. जुलाब होऊ लागताच थोडेथोडे, वारंवार पाजावे; तान्ह्यास अंगावरचे दूध चालूच ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले अथवा शौचातून रक्त पडले तर घरी थांबू नये. पोटात सतत दुखत असेल, विशेषतः उजव्या बाजूस खाली, आणि सोबत ओकारी वा ताप असेल, तर एरंडेलसुद्धा देऊ नये; दवाखाना गाठावा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी फेसाळणारी सोड्याची औषधे डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आणि यापुढे बाजारात, जत्रेत किंवा फोनच्या पडद्यावर कोणी म्हणाला की माझे औषध पोटाच्या सर्व विकारांवर चालते, तर त्यास एवढेच विचारावे : "बाबा रे, यात आहे काय?" तो सांगेल तर विचार करता येईल. तो म्हणाला, "ते आमचे घराण्याचे गुपित आहे," तर नमस्कार करून पुढे चालावे. गुपिताची किंमत इंग्लंडातील गोरगरिबांनी एकदा मोजली आहे. आपण ती पुन्हा मोजण्याचे कारण नाही.